पहिला हार पंपाला

माझी दाढी, माझा मुकुट, दोन लाकडी तलवारी आणि एक पितळी तुतारी एवढा माझा सगळा राजवाडा सहा वर्षं चौथ्या मजल्याच्या जिन्यातल्या लाल पेटीत सुखाने नांदत होता. पेटीला काचेचं दार होतं, दारावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, आणि कुलूप नव्हतं. बिल्डरने कलावंतांची सोय म्हणून मजल्यागणिक एक कपाट दिलंय, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तुतारी तर पेटीतच मिळाली होती. पुढे निमुळती, मागे रुंद, हातात धरली की वजनदार. गणपतीत राजाचा प्रवेश झाला की मी ती फुंकायचो. आवाज यायचा नाही, म्हणून तोंडानेच "पॉंऽऽ" करायचो. लोक खूष.

आमची इमारत सुरतच्या डिंडोलीत. अकरा मजले, आणि निम्म्याहून जास्त घरं खान्देशातली. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये, कुणी कापड मार्केटात. मी मार्केटातच, साड्यांच्या घड्या आणि पॅकिंगवर देखरेख करतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. पण ते दिवसा. संध्याकाळी आणि सणासुदीला मी सोसायटीचा माइक असतो. गणपती असो, कानबाई असो, नवरात्र असो, नाहीतर पाण्याची टाकी धुवायची सूचना असो, माइक माझ्याच हातात. वीस वर्षांत दुसऱ्या कुणी तो धरलेला मी पाहिला नाही, कारण मी तो कुणाला धरू दिला नाही.

तर अशा या सुखी राज्यात एके दिवशी दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं आणि आतल्या दिशेने ओरडली, "ओ, तुम्हनी दाढी उनी!"

माझी दाढी खरोखरच आली होती. सातव्या मजल्यावरचा एक गृहस्थ ती दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तशी धरून दारात उभा होता. दुसऱ्या काखेत मुकुट, तलवारी. हा माणूस बमरोलीच्या एका मिलमध्ये तीस वर्षं पाइप फिटर होता. बॉयलर, वाफेच्या लाइनी, वॉल्व्ह, हेच त्याचं आयुष्य. मिल बंद पडली तेव्हापासून तो घरी बसून होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मी त्याला जेमतेम ओळखत होतो, कारण तो माझ्या कार्यक्रमांत नेहमी शेवटच्या रांगेत बसायचा आणि इतरांच्या नंतर हसायचा.

"मास्तर, सामान तुमचं का?"

"माझंच. कपाटात नीट ठेवलेलं होतं."

"ते कपाट नाही. आगीच्या पाण्याची पेटी आहे ती." मग त्याने माझी तुतारी वर धरली, तिच्या तोंडात डोळा लावून आरपार बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ह्याला तुम्ही ओठ लावत होते?"

"फुंकायचो."

"हे होजपाइपचं तोंड आहे. इथून पाणी सुटतं. धरायला दोन माणसं लागतात." पुन्हा एकदा आरपार बघितलं. "तुम्ही एकटेच फुंकत होते, म्हणजे दम आहे."

बायको हसली. नुसती हसली नाही, दाराची चौकट धरून हसली. माझ्या विनोदांना ती अलीकडे फक्त "हं" म्हणते. मी दाढी त्याच्या बोटांतून ओढूनच घेतली.

झालं होतं असं, की महापालिकेची नोटीस आली होती. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू करा, नाहीतर इमारतीला सील. मीटिंग भरली. मी त्या मीटिंगमध्ये आगीवर पाऊण तास बोललो. ज्वाला कशा लवलवतात इथपासून सुरुवात केली होती. माझ्या भाषणानंतर सोसायटीच्या प्रमुखांनी विचारलं की हे काम एखाद्या कंपनीला द्यायचं, की आपल्यातलं कुणी बघणार? तेव्हा शेवटच्या रांगेतून फिटरभाऊंचा हात वर आला.

"मी बघतो."

दोन शब्द. आज त्या मीटिंगमधलं लोकांना एवढंच आठवतं.

मग तो लागला कामाला. जिन्याशेजारून तळापासून गच्चीपर्यंत एक जाड पाइप उभा जातो, त्याच्यावर आम्ही सगळे इतकी वर्षं टॉवेल वाळत घालत होतो. तिसऱ्या मजल्याच्या पेटीत कांदे होते, नवव्या मजल्याच्या पेटीत कुणाचे तरी लग्नातले बूट. त्याने एकेक पेटी रिकामी केली. कुजलेले पाइप फेकले, नवे आणून गोल गुंडाळून ठेवले, वॉल्व्हची गंजलेली चाकं तेल घालून फिरती केली आणि तो पाइप असा लालभडक रंगवला की कुंकवाचा करंडा फिका पडावा. एकदा मी सहज म्हणून खाली उतरत होतो, सहज म्हणजे तो काय करतोय ते बघायला, तर तो एका वॉल्व्हपाशी उकिडवा बसून कान लावून ऐकत होता.

"काय ऐकताय?"

"पाणी."

"वाहतंय?"

"नाही. उभं आहे."

मी हसलो. तो हसला नाही. त्याने मला समजावलं, आणि मला मान्य करायला जड जातंय, पण त्याच्या बोलण्यातून मला जे कळलं ते माझ्या पाऊण तासात कुणाला कळलं नव्हतं. हा पाइप कायम भरलेला असतो. दाबाखाली. खाली जमिनीत टाकी, टाकीवर पंप. वर कुठेही आग लागली तर त्या मजल्याची पेटी उघडायची, पाइप जोडायचा, चाक फिरवायचं, की पाणी तिथल्या तिथे. बादल्या घेऊन अकरा मजले चढायचे नाहीत. आणि बाहेर गेटपाशी जी चार तोंडं दिसतात, ती बंबवाल्यांसाठी. त्यांनी आपल्या गाडीचं पाणी तिथून आत ढकललं की तेही ह्याच पाइपातून वर जातं.

"पण बंब तर येतोच की," मी म्हणालो.

"येतो. डिंडोलीच्या फाटकातून, भाजीवाल्यांतून, लग्नाच्या वरातीतून येतो." आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता तो म्हणाला, "आग पाण्याची वाट बघत नाही, मास्तर. पाण्यानंच आगीची वाट बघत उभं राहायला पाहिजे."

मी जिन्यात उभाच राहिलो. असं वाक्य! माझ्यासारख्याला असं वाक्य सुचायला महिना लागतो, वर आरशासमोर तालमी. आणि हा माणूस हातातलं ग्रीस चिंधीला पुसत पुसत ते टाकून निघून गेला, मागे वळून टाळी आली का तेसुद्धा बघितलं नाही.

आमच्याकडे घरोघरी बायका साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करतात. व्यापाऱ्याकडून साड्यांची पोटली, म्हणजे गाठोडी, येतात, ती घरात मावत नाहीत, मग जिन्यात येतात. कापडाचं शहर आहे आमचं. इथे आगीला खाऊ कमी पडत नाही. फिटरभाऊंनी काय केलं, तर प्रत्येक लाल पेटीसमोर जमिनीवर पांढऱ्या रंगाने एक चौकोन काढला आणि बायकांना सांगितलं, "ताई, या चौकोनात काही ठेवायचं नाही." बस. एकाही बाईने पुन्हा तिथे पोटलं ठेवलं नाही. मी वीस वर्षं माइकवरून घसा फोडून सांगत आलो, की कार्यक्रमाला वेळेवर या, आणि वीस वर्षं बायका आरती संपता संपता येतात. माझ्याकडे आवाज होता. त्याच्याकडे एक पांढरा चौकोन होता.

आणि घरी तर विचारू नका. जेवताना बायको म्हणायची, "भाऊ सांगत व्हते, गॅसनी नळी दोन वरीसमा बदलाले पाहिजे." झोपताना, "भाऊ सांगत व्हते, जिन्याचं दार उघडं ठेवलं की धूर वर चढतो, ते लावायलाच पाहिजे." सकाळी चहाला, "भाऊ सांगत व्हते..." मी म्हटलं, "भाऊ तर बोलतच नाहीत म्हणे!" ती म्हणाली, "म्हनीसन तर ध्यानात राहतं."

आता पंपाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच झालं.

आवाराच्या मध्ये जो ओटा आहे, ज्याला मी रंगमंच म्हणतो, त्याच्या बरोबर खाली पंपाची खोली आहे. चार पायऱ्या उतरून जायचं. आत तीन पंप. एक मोठा, विजेवर चालणारा. एक डिझेलवर, वीज गेली तर. आणि तिसरा बुटका. त्याचं खरं नाव जॉकी पंप, पण आमच्या इमारतीत पहिल्या दिवसापासून त्याला सगळे जोकर पंप म्हणतात. पाइपातला दाब कुठे थोडा जरी उतरला, एखादा थेंब जरी गळला, की हा जोकर आपोआप उठतो, घुर्रऽऽ करतो, दाब भरून काढतो आणि पुन्हा गप्प बसतो. मोठा पंप एवढ्यातेवढ्याला उठत नाही. कुणी खरोखर वॉल्व्ह उघडला, दाब धाडकन पडला, तरच तो उठतो, आणि एकदा उठला की बंद करायला माणूसच लागतो. हे सगळं आपोआप व्हायचं तर भिंतीवरच्या लोखंडी कपाटातली बटणं ऑटोवर हवीत. ती मॅन्युअलवर असली तर वर इमारत जळून गेली तरी खाली पंप ढिम्म.

त्या दिवसांत खोलीतला एक वॉल्व्ह थेंबथेंब गळत होता. त्यामुळे जोकर दर दहा-पंधरा मिनिटांनी उठायचा. आणि तो कधी उठायचा? मी ओट्यावर दसऱ्याच्या एकपात्रीची तालीम करत असायचो, विनोद रंगत रंगत शेवटाला यायचा, मी श्वास घ्यायचो, आणि पायाखालून घुर्रऽऽऽ! बाकड्यावरचे म्हातारे हसून लोळायचे. "मास्तर, जोकरले जोकर भेटी गया!" पंपाला हशा मिळत होता. माझ्या विनोदावर.

दसऱ्याला आमच्याकडे सोसायटीच्या साऱ्या अवजारांची पूजा होते. लिफ्टची मशीन, पाण्याची मोटर, वॉचमनची काठी, ढोल. आणि दरवर्षी झेंडूचा पहिला हार माझ्या माइकला. त्या वर्षी मी आंघोळ करून, जाकीट चढवून, माइक पुसून-बिसून पाटावर ठेवला, तर प्रमुख म्हणाले, "मास्तर, यंदा पहिला हार पंपाला. बधाचं, सगळ्यांचं, म्हणणं छे." प्रमुख आमचेच, शिरपूरकडचे, पण शाळा सुरतेत झाली, त्यामुळे एका वाक्यात दोन राज्यं फिरून येतात.

"पंपाला?"

"इमारत वाचवणार ना तो! माइक काय वाचवणार?"

सगळे खाली उतरले. पंपाच्या खोलीत उदबत्त्या लागल्या. मोठ्या पंपाच्या गळ्यात हा एवढा हार. जोकरलासुद्धा एक. माझ्या बायकोने स्वतःच्या हाताने फिटरभाऊंना कुंकू लावलं, आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या भाऊ." तो बिचारा लाजून लाल पाइपासारखा झाला होता. आरतीचं ताट माझ्या हातात होतं, अंगठा त्यातल्या कुंकवाने माखलेला. सगळे एकेक करून वर गेले. फिटरभाऊ दारापाशी कुणाला तरी चढायला हात देत होते, त्यांची पाठ माझ्याकडे. आणि मी त्या लोखंडी कपाटासमोर एकटा.

मी स्वतःला सांगितलं, की हा फक्त आवाजाचा प्रश्न आहे. अकरा वाजता कार्यक्रम. तासभर जोकर गप्प बसला तर काय बिघडणार आहे? नंतर येऊन पुन्हा फिरवू. हे मी स्वतःला सांगितलं. पण आवाज फक्त जोकरचा होता, आणि मी तिन्ही बटणं फिरवली. त्याचं कारण आवाज नव्हतं. ज्याच्या गळ्यात माझा हार होता, त्याला मुकं करावंसं वाटलं, एवढंच खरं.

ताट घेऊन मी वर आलो. कार्यक्रम असा रंगला, की काय सांगू! राजाची दाढी निसटते तो प्रसंग आला, मी थांबलो, पायाखाली चिडीचूप, आणि मग हशाचा असा लोट आला की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. मी सगळीकडे बघितलं. शेवटच्या रांगेतली फिटरभाऊंची खुर्ची तेवढी रिकामी होती.

रिकामी! सगळी इमारत हजर, आणि हा नाही. हार मिळाला, सोनं मिळालं, आता माझी गंमत बघायला थांबायची गरज काय! मी इतका धुमसलो की कार्यक्रम संपल्यावर बटणं फिरवायला खाली जायचंच विसरलो. संध्याकाळी आठवलं, तर खोलीला कुलूप. किल्ली एकच, फिटरभाऊंच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी मागायला जायचं ठरवलं. काय सांगून मागणार? ताट विसरलं म्हणून? ताट घरी मांडणीवर चकाकत होतं. तिसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावर गेलो, ते दुपारचे झोपले होते. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो, त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. फिटरभाऊ जमिनीवर बसून एका शाळकरी वहीत काहीतरी लिहीत होते. मी चहाची तारीफ केली आणि परत आलो. तेवढ्या दिवसांत जोकरचा आवाज एकदाही आला नाही. ती शांतता मला ऐकू यायची. मार्केटातून आलो की आवारात उभा राहून मी कान द्यायचो. काही नाही. वर अकरा मजल्यांत साड्यांची पोटली, स्वयंपाक, दिवे, उदबत्त्या, आणि खाली मी मुका केलेला पंप.

मग बोर्डावर सूचना लागली. रविवारी सकाळी फायरचे साहेब तपासणीला येणार. गच्चीवरचा वॉल्व्ह उघडून बघणार. प्रमुखांनी मीटिंगमध्ये साफ सांगितलं, "पंप आपोआप चालू झाला तर ठीक. नाही झाला, तर हे काम भाऊंकडून काढून कंपनीला द्यायचं. पुन्हा नोटीस आपल्याला परवडायची नाही." सगळ्यांनी फिटरभाऊंकडे बघितलं. त्यांनी फक्त मान हलवली. पण मी त्यांचा हात बघितला. कमरेची किल्ली त्यांनी मुठीत धरली होती. मिलने तीस वर्षांनंतर या माणसाच्या हातातला पाना काढून घेतला होता. ही किल्ली त्यानंतरची. हीसुद्धा गेली तर त्याच्याकडे करायला काय उरणार होतं? आणि ती माझ्यामुळे जाणार होती, झेंडूच्या एका हारासाठी.

रविवारी मी पहाटेच उठलो. ठरवलं होतं, सातव्या मजल्यावर जायचं, पाय धरायचे, सगळं सांगायचं. गेलो तर घरच्या म्हणाल्या, "साहेब लवकर आले, ते गच्चीवर गेले त्यांच्यासोबत." मी लिफ्टकडे धावलो. लिफ्ट तपासणीसाठी बंद. जिना चढायला लागलो, तर प्रमुख वरून उतरत होते, त्यांनी दंडाला धरून मला खाली आणलं. "मास्तर, तुम्ही वर कुठे? माइक धरा! बधा लोकांना सांगा, वर बघा म्हणून!"

आवार भरलं होतं. सगळी इमारत माना वर करून उभी. गच्चीच्या कठड्यावर तीन डोकी दिसत होती, दोन साहेबांची, मधलं फिटरभाऊंचं. पाइपचं पितळी तोंड, माझी तुतारी, कठड्यावरून बाहेर निघालेली, उन्हात चमकत होती. माझ्या हातात माइक. साहेबांनी वरून हात केला, "चालो भाई, वाल्व खोलो!"

"थांबा!" मी ओरडलो. माइकवरून. "उघडू नका! पंप चालू होणार नाही!"

सगळ्या माना वरून खाली माझ्याकडे आल्या.

"पंपाची बटणं मी फिरवली आहेत," मी म्हणालो. "दसऱ्याला. आरतीचं ताट हातात होतं तेव्हा. पंप आपोआप चालू होणार नाही, तो मी बंद पाडलाय. फिटरभाऊंचा यात काही दोष नाही. किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. मला... मला राग आला होता. पहिला हार पंपाला गेला म्हणून." आणि एवढं बोलल्यावर मला थांबता येईना, कधीच येत नाही. "माझी बायको त्यांच्या बोलण्यावर हसते म्हणून! ते दोन शब्द बोलतात आणि तुम्हाला आठवतात म्हणून! पांढऱ्या चौकोनाचं तुम्ही ऐकता आणि माझं ऐकत नाही म्हणून!"

बायकोने पदर तोंडाला लावला होता. प्रमुख म्हणाले, "अरे मास्तर..." आणि पुढचं त्यांना कुठल्याच भाषेत सुचेना.

वर साहेबांनी फिटरभाऊंकडे बघितलं. काहीतरी विचारलं असावं. फिटरभाऊ चाकाकडे वळले. वाकले. चाक फिरवल्यासारखे त्यांचे खांदे हलले.

पायाखाली घुर्रऽऽ झालं.

जोकर! आणि त्याच्या पाठोपाठ ओटा थरथरला, धडधडधड असा मोठा पंप उठला, गच्चीवरच्या त्या पितळी तोंडातून पाण्याचा एक पांढरा जाड दांडा आभाळात सुटला, वर जाऊन फुटला आणि सगळाच्या सगळा आमच्यावर कोसळला. बायका किंचाळल्या, पोरं नाचायला लागली. मी माइक धरून तसाच उभा. तोंड उघडंच होतं. बायको जवळ येऊन म्हणाली, "आते तरी तोंड बंद करा. पानी जाई राहिनं."

फिटरभाऊंनी खाली येऊन पंप बंद केला आणि साहेबांनी कागदावर सही केली. "सिस्टम एकदम बराबर छे," आणि माझ्याकडे बघून, "पण तमारो कार्यक्रम पण सरस हतो."

ते गेल्यावर फिटरभाऊंनी खोली पुन्हा उघडली आणि मला आत बोलावलं. दाराच्या मागे खिळ्याला सुतळीने बांधलेली ती शाळकरी वही लटकत होती. त्यांनी पानं उलटली आणि दसऱ्याच्या पानावर बोट ठेवलं. गोल, शाळेतलं अक्षर. मी वाचलं:

*दसरा. दाबाची सुई बरोबर. डिझेल भरलेलं. तिन्ही बटणं मॅन्युअलवर होती. बटणांना कुंकू लागलेलं, पुसलं नाही, पूजेचं असावं. जोकरमुळे वर कार्यक्रमाला त्रास होतो. वॉल्व्हची ग्लँड आवळून गळती बंद केली. काम होईपर्यंत मॅन्युअलवरच ठेवलं, नंतर ऑटो. वरून सगळं ऐकू आलं. दाढीचा विनोद चांगला.*

"रोज कुलूप लावायच्या आधी बघतो," ते म्हणाले. "सुई, डिझेल, बटणं. मिलमधली सवय."

म्हणजे ती रिकामी खुर्ची! हा माणूस माझ्या पायाखाली बसून, हातात पाना घेऊन, माझ्या विनोदांसाठी शांतता तयार करत होता. आठ दिवस जोकर गप्प होता, कारण त्याला उठायचं कारणच उरलं नव्हतं. आणि मी त्या शांततेवरून स्वतःला फाशी देत बसलो होतो.

"मग वर गच्चीवर बोलला का नाहीत? मी एवढा सगळ्यांसमोर..."

"तुम्ही बोलत होते," ते म्हणाले. "मध्ये कसं बोलायचं?"

संध्याकाळी मीटिंग झाली. दोघा-तिघांचं म्हणणं पडलं, की माइक मास्तरांकडून काढून घ्या, आगीच्या पंपाशी खेळ म्हणजे लेकराबाळांच्या जिवाशी खेळ. बरोबरच होतं. मी मान खाली घालून बसलो होतो. तेव्हा शेवटच्या रांगेतून पुन्हा तो हात वर आला.

"माइक राहू द्या त्यांच्याकडे. मला बोलता येत नाही. मजल्यामजल्यावर जाऊन लोकांना पेटी कशी उघडायची ते सांगायला कुणीतरी पाहिजे."

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं अकरा मजले उतरतो. तो पेटी उघडतो, पाइप जोडतो, चाकाला हात लावतो, मी बोलतो. मी सांगतो की पाइप आधी पूर्ण उलगडायचा, मगच चाक फिरवायचं, नाहीतर तो सापासारखा उसळतो. मी साप करून दाखवतो. बायका हसतात, आणि त्यांच्या ध्यानात राहतं, मी परीक्षा घेऊन बघितलंय. माझा मुकुट आता घरी माळ्यावर आहे. तुतारी पेटीत आहे, तिच्या जागी.

आणि तरीही. यंदाच्या दसऱ्याला मीच माइकवरून जाहीर केलं, खणखणीत आवाजात, "पहिला हार पंपाला!" ताट हातात घेऊन मी पायऱ्या उतरलो. मागे सगळी इमारत. खोलीच्या दारात फिटरभाऊ उभे होते. त्यांनी ताटातल्या कुंकवाकडे बघितलं, माझ्या अंगठ्याकडे बघितलं, आणि आडवा हात करून मला थांबवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पहिले हात धोई ल्या."

हशा असा उठला की पायऱ्यांवरच्या बायकांना खाली बसावं लागलं. माझी बायको तर पाइपाला धरून उभी होती, लाल रंगाच्या पाइपाला. अकरा मजल्यांचा हशा, चार शब्दांवर. वीस वर्षांत असा हशा मला मिळाला नाही, आणि तो माझ्याच अंगठ्यावर मिळवला त्याने.

मी वर गेलो आणि नळाखाली हात धुतले. साबण लावून, नीट. आणि धुता धुता ते वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, की ह्यातला एखादा शब्द तरी जास्तीचा निघतो का. निघाला नाही. मेल्याने एकसुद्धा जास्तीचा ठेवला नव्हता.